बडतर्फीची नोटीस आणि रेशनकार्ड

निवडणूक झाली, निकाल लागले, गुलाल उधळून झाला की आपल्या शाखांच्या सभांतून एक प्रश्न हमखास येतो. "सेक्रेटरीसाहेब, सरकार बदलले की तेच राहिले ते जाऊ द्या, आपल्या पगारपत्रकात काय बदलले ते सांगा." प्रश्न विचारणारा बहुधा पंचवीस-तीस वर्षे नोकरी झालेला फिटर, गँगमन किंवा सॉर्टर असतो. त्याने आजवर दहा-बारा वेळा बोटाला शाई लावून घेतलेली असते, आणि साध्या माणसाच्या मताने काही होत नाही असे त्याचे मत बनत चाललेले असते. या प्रश्नाला 'मतदार हा राजा आहे' असे ठरीव उत्तर देऊन चालणार नाही. राजाला रेशनच्या रांगेत उभे राहावे लागत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

आमचे मत असे आहे की साध्या मतदाराच्या हातात ताकद आहे, पण ती कोणत्या जागी चालते आणि कोणत्या जागी चालत नाही हे आपण नीट पाहिलेले नाही. ते पाहायचे तर चेन्नईइतके चांगले ठिकाण नाही. नागपूर, भुसावळ, सोलापूर किंवा मिरजेच्या आपल्या बांधवांना येथील राजकारण म्हणजे सिनेमानट आणि मोठमोठे कटआऊट एवढेच ठाऊक असते. पेरांबूरच्या कारखान्यांत, दक्षिण रेल्वेच्या कचेऱ्यांत आणि येथल्या टपाल खात्यात नोकरी केलेल्या मराठी माणसाने मात्र जवळून पाहिले आहे की तामिळ मतदार फार हिशेबी आहे. तो टाळ्या वाजवतो, पण मत देताना घरातला तांदळाचा डबा उघडून पाहतो.

२००३ सालची गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती थेट आपल्याशी संबंधित आहे. तामिळनाडू सरकारने काटकसरीच्या नावाखाली आपल्या कर्मचाऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या निवृत्तीवेतनात व इतर सवलतींत कपात केली होती. विनंत्या, अर्ज, शिष्टमंडळे सगळे झाले. अखेर २ जुलै २००३ पासून संप सुरू झाला. सरकारच्या हाती आदल्या वर्षी केलेला अत्यावश्यक सेवा कायदा होताच. त्याला वटहुकुमाची जोड देऊन सरकारने पुढाऱ्यांना रातोरात उचलले आणि सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना बडतर्फ केले. चार्जशीट नाही, चौकशी नाही, म्हणणे मांडण्याची संधी नाही. वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेला कारकून सकाळी कचेरीत गेला तर नोटीस बोर्डावर त्याचे नाव. १९७४ च्या मे महिन्यातला आपला वीस दिवसांचा संप ज्यांनी भोगला, त्यांना नोकरी जाणे म्हणजे काय आणि क्वार्टर रिकामे करण्याची नोटीस म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. पण एका फटकाऱ्यात एवढ्या माणसांना घरी बसवण्याचे धाडस तेव्हाही कोणी केले नव्हते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. माफी मागून पुन्हा संप न करण्याची हमी लिहून देणाऱ्यांना परत घेण्याचे सरकारने तेथे कबूल केले. बहुतेकांनी ते लिहून दिले. पोराबाळांच्या तोंडाकडे पाहून दिले, आणि त्यांना नावे ठेवण्याचा कोणालाही अधिकार नाही. काही हजार लोक तरीही बाहेरच राहिले. त्यानंतर ६ ऑगस्ट २००३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की सरकारी कर्मचाऱ्याला संप करण्याचा मूलभूत अधिकार नाही, कायदेशीर नाही आणि नैतिकसुद्धा नाही. पहिल्या दोहोंविषयी वकील वाद घालतील. नैतिक अधिकार कोणाला आहे आणि कोणाला नाही हे कोर्टाने कसे ठरवले, हे आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाला आजही समजलेले नाही.

त्या दिवसांत संघटना हरली, कोर्टातही हरली, आणि वर्तमानपत्रांतून 'आळशी बाबूंना चांगला धडा मिळाला' अशी पत्रे छापून येत होती. सामान्य माणूस कर्मचाऱ्यांच्या बाजूला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. दाखल्यासाठी चार-चार खेपा घालाव्या लागणाऱ्या माणसाला कारकुनाची दया का यावी? ही गोष्ट आपल्या रेल्वेच्या बुकिंग खिडकीला आणि टपालाच्या काउंटरलाही तितकीच लागू आहे.

दहा महिने गेले. १० मे २००४ रोजी तामिळनाडूत लोकसभेचे मतदान झाले आणि १३ मेला पेट्या मोजल्या गेल्या, म्हणजे खरे तर यंत्रे. राज्यातल्या ३९ जागांपैकी ३९ विरोधी आघाडीकडे गेल्या. सत्ताधारी अण्णा द्रमुकला एकही जागा मिळाली नाही. त्याच मुख्यमंत्री जयललितांना २००१ साली याच मतदाराने प्रचंड बहुमत दिले होते. विधानसभेची दोन वर्षे अजून बाकी होती आणि सरकारला कसलाही धोका नव्हता. तरीही आठवडा उलटायच्या आत, १८ मे २००४ रोजी, सरकारने एकामागून एक निर्णय फिरवले. संपकऱ्यांवरील कारवाया मागे घेतल्या, शेतकऱ्यांची बंद केलेली मोफत वीज पुन्हा सुरू केली, धर्मांतरबंदीचा कायदा रद्द केला आणि रेशनकार्डावरचा 'एच' शिक्का काढून टाकला.

हा 'एच' शिक्का म्हणजे काय ते महाराष्ट्रातल्या वाचकांना ठाऊक नसेल. महिना ५००० रुपयांहून अधिक उत्पन्न असलेल्यांच्या कार्डावर सरकारने तो मारला होता आणि त्या कार्डावर रेशनचा तांदूळ बंद केला होता. त्याला सन्मानाचे कार्ड असे गोंडस नाव दिले होते. घरात तांदूळ नाही आणि कार्डावर सन्मान आहे, असा तो प्रकार. त्या काळी पाच हजार म्हणजे खलाशाचा, पोस्टमनचा पगार. त्यातच राज्यात ओळीने दुष्काळ पडला होता आणि विहिरीवरच्या पंपाचे बिल शेतकऱ्याच्या हातात येऊन पडले होते.

कामगार पुढारी सभांमधून सांगतात की कर्मचाऱ्यांनी सरकारला धडा शिकवला. ऐकायला बरे वाटते, पण हिशेब तसा जुळत नाही. १ लाख ७० हजार कर्मचारी, घरटी चार मते धरली तरी सात लाखांच्या आत-बाहेर. तेवढ्याने ३९ मतदारसंघ फिरत नाहीत. त्यात विरोधकांनी या खेपेला सात पक्षांची मोट बांधली होती, तिचाही वाटा मोठा. पण ज्या दिवशी बडतर्फ कारकून, पंपाचे बिल आलेला शेतकरी आणि कार्डावर शिक्का बसलेली बाई एकाच रांगेत येऊन उभी राहिली, त्या दिवशी सरकारला उत्तर द्यावे लागले. या तिघांनी कधी एकत्र सभा घेतली नव्हती. कारकुनाचा संप शेतकऱ्याला पसंत नव्हता. तरी मताच्या वेळी तिघांची गाठ पडली. आपल्या नुसत्या मागण्यांच्या जोरावर आपण कोणालाच हरवू शकत नाही, हे यातून दिसते, आणि आपल्या चळवळीला ते ऐकायला आवडत नाही.

तामिळनाडूला हे नवे नव्हते. १९८० च्या जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा एम. जी. रामचंद्रन मुख्यमंत्री होते. लोकप्रियतेत त्यांच्यासमोर उभे राहील असा माणूस राज्यात नव्हता. पण त्यांच्या सरकारने मागासवर्गीयांच्या आरक्षणाला वार्षिक ९००० रुपये उत्पन्नाची मर्यादा लावली होती. लोकसभेत त्यांच्या पक्षाला अवघ्या दोन जागा मिळाल्या. एमजीआर यांनी ती मर्यादा तात्काळ रद्द केली आणि मागासवर्गीयांचे आरक्षण ३१ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. फेब्रुवारीत दिल्लीने त्यांचे सरकार बरखास्त केले, आणि मे महिन्यात त्याच मतदाराने त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले. चार महिन्यांत त्याच मतदाराने एकदा कान धरला आणि एकदा पाठीवर हात फिरवला. याला अडाणीपणा म्हणणारे पंडित आहेत. आम्हाला तो शहाणपणा वाटतो.

१९६७ साली तर दोन टोकांना एकाच वेळी असे घडले. मुंबईत स. का. पाटील हे काँग्रेसचे अनभिषिक्त राजे समजले जात. शिवाय ते त्या वेळी देशाचे रेल्वेमंत्री होते, म्हणजे आपले सर्वांत मोठे साहेब. दक्षिण मुंबईत त्यांच्यासमोर उभे राहिले जॉर्ज फर्नांडिस. महापालिकेचे कामगार, टॅक्सीवाले, हॉटेलातले पोरे यांचा हा पुढारी. पाटील हरू शकतात, एवढीच एक गोष्ट लोकांना पटवून देण्यावर त्यांनी सगळा भर ठेवला. ती एकदा पटली आणि पाटील हरले. त्याच निवडणुकीत इकडे विरुधुनगरमध्ये के. कामराज एका विद्यार्थी पुढाऱ्याकडून १२८५ मतांनी पडले. कामराज म्हणजे दोनदा देशाचा पंतप्रधान ठरवणारा माणूस, गरीब घरातला, ज्याने खेडोपाडी शाळा काढल्या आणि शाळेत मुलांना जेवण घातले. पण त्या दोन वर्षांत तांदूळ मिळत नव्हता, हिंदीच्या प्रश्नावरून १९६५ साली तरुण मुलांवर गोळ्या चालल्या होत्या, आणि अण्णादुरै रुपयाला तीन मापे तांदूळ देऊ म्हणत होते. सत्तेवर आल्यावर तीन मापे काही जमली नाहीत. मद्रास आणि कोइमतूर या शहरांत रुपयाला एक माप देता आले. पण त्या दिवसापासून आजपर्यंत तामिळनाडूत कोणत्याही पक्षाची रेशनच्या तांदळाला हात लावण्याची छाती झालेली नाही. ज्यांनी 'एच' शिक्का मारला त्यांची काय गत झाली ते वर आलेच आहे. २००६ नंतर तांदूळ दोन रुपये किलो झाला, २००८ मध्ये एक रुपया, आणि जून २०११ पासून फुकट.

महाराष्ट्रालाही हे अपरिचित नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर गिरणगावातल्या कामगाराने आणि साताऱ्या-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याने काँग्रेसला असा काही झटका दिला, मध्य मुंबईतून कॉम्रेड डांग्यांना असे काही निवडून दिले, की तीन वर्षांत द्विभाषिक राज्य मोडून १ मे १९६० रोजी महाराष्ट्र करावा लागला. अगदी अलीकडे, डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि २०२४ च्या लोकसभेत दिंडोरीच्या कांदा उत्पादकाने एका केंद्रीय राज्यमंत्र्यांना घरी बसवून एका साध्या शिक्षकाला दिल्लीला पाठवले.

पण हे सारे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही पुढाऱ्यांसारखेच गोड बोलतो असे होईल. २००४ साली मतदाराने सरकारला वाकवले, पण सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल मताने वाकला नाही. संपाची नोटीस देताना आजही तो आपल्यासमोर धरला जातो. १ एप्रिल २००३ पासून तामिळनाडूत नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन गेली होती. ती २००४ च्या निकालाने परत आली नाही, २००६ मध्ये सरकार बदलले तेव्हाही आली नाही. आपल्या केंद्रीय खात्यांचे तेच. १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्याची पेन्शन भाजपच्या सरकारने काढली आणि त्यावर २०१३ साली कायद्याची मोहोर काँग्रेसच्या सरकारने उठवली. मग मतदाराने कोणाला शिक्षा करायची? दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीवर मतपत्रिकेत चौकोनच नसतो.

हा प्रश्न हलला तो कधी, तर हिमाचल प्रदेशच्या २०२२ च्या निवडणुकीत. लहान राज्य, ६८ आमदारांची विधानसभा, आणि घरटी कोणी ना कोणी सरकारी नोकर किंवा पेन्शनर. तेथे एका पक्षाने जुनी पेन्शन देण्याचे वचन दिले, तो पक्ष जिंकला आणि ती पुन्हा सुरू झाली. त्याआधी राजस्थानने घोषणा केलीच होती. त्यानंतर दिल्लीत समित्या बसल्या आणि २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली, १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेली. ही योजना आपल्याला पुरेशी वाटत नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर या पानांतून पुष्कळ लिहून झाले आहे. पण वीस वर्षे मोर्चे काढून जे सरकार ऐकत नव्हते, ते एका डोंगराळ राज्यातल्या मतदारांमुळे निदान खुर्चीत सरळ बसले.

दुसरी एक जागा आहे जेथे मत कमी पडते. २०२४ च्या लोकसभेत तामिळनाडूत सुमारे ७० टक्के मतदान झाले. चेन्नईच्या तीन मतदारसंघांपैकी उत्तर चेन्नईत ६० टक्के, तर मध्य आणि दक्षिण चेन्नईत जेमतेम ५४. उत्तर चेन्नई म्हणजे पेरांबूर, तोंडियारपेट, कोरुक्कुपेट, एन्नोर. गोदी, कारखाने, रेल्वेचे यार्ड, मच्छिमारांच्या वस्त्या. दक्षिणेत समुद्राकाठचे बंगले आणि संगणकाच्या कंपन्या. कष्टकरी माणूस जास्त मत देतो. पण डिसेंबर २०२३ च्या वादळात एन्नोरच्या खाडीत काळे तेल पसरले तेव्हा ते हाताने उपसायला बादल्या घेऊन मच्छिमारच उतरले होते. मत जास्त आणि सोयी कमी, हे गणित आपल्याकडे सर्वत्र दिसते. पाण्याचेच बघा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ती धुवून-पुसून तयार करणारे, भरणारे आणि हाकणारे आपलेच लोक होते. जुलै २०१९ मध्ये तीच पाळी चेन्नईवर आली. जोलारपेट्टईहून विल्लिवाक्कमला ५० वाघिणींतून २५ लाख लिटर पाणी आले, तेव्हा मंत्र्यांनी फुले उधळून गाडीचे स्वागत केले. निवडणूक त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी होऊन गेली होती आणि तलाव तेव्हाही आटतच होते. प्रचाराच्या सभांत मात्र पाण्यापेक्षा पाकिस्तानवर अधिक बोलले गेले होते.

आता पैशाविषयी. तामिळनाडूचे नाव या बाबतीत बदनाम आहे आणि ते उगाच नाही. देशात प्रथमच, केवळ पैसे वाटले म्हणून, २०१६ साली अरवाकुरिची आणि तंजावर येथील मतदान निवडणूक आयोगाने रद्द केले. एप्रिल २०१७ मध्ये आमच्या शेजारच्या डॉ. राधाकृष्णन नगरची पोटनिवडणूक रद्द झाली, २०१९ मध्ये वेल्लोरची लोकसभा निवडणूक. राधाकृष्णन नगर हा कामगारवस्तीचा मतदारसंघ. डिसेंबर २०१७ मध्ये तेथे पुन्हा मतदान झाले तेव्हा दोन्ही मोठ्या द्रविड पक्षांना बाजूला सारून प्रेशर कुकर चिन्हाचा अपक्ष निवडून आला. यातले किती पैशाने आणि किती रागाने, हे सांगणे कठीण.

हे लिहिले की मध्यमवर्गीय माणूस म्हणतो, गरीब मत विकतो. आम्हाला हे बोलणे पटत नाही. पैसे घेणाऱ्यापेक्षा देणारा मोठा गुन्हेगार आहे, आणि पैसे घेऊनही मनाप्रमाणे मत देणारे पुष्कळ असतात. नाहीतर सर्वांत जास्त पैसे वाटणारा प्रत्येक वेळी जिंकला असता, आणि तसे होत नाही. पण घेणे वाईटच. कारण पाच वर्षांनी पाण्याचा नळ मागायला गेलो की समोरचा म्हणतो, तुझे मागेच चुकते केले आहेत.

मात्र रात्री दारात टाकलेले पाकीट आणि रेशनचा तांदूळ या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. पाकीट एकाला मिळते, लपून मिळते आणि सकाळी संपते. रेशनचा तांदूळ, शाळेतले जेवण, म्हाताऱ्यांची पेन्शन या गोष्टी कायद्याने मिळतात, सर्वांना मिळतात आणि पुढचे सरकार त्या सहज काढून घेऊ शकत नाही. मधल्या काही गोष्टींवर दुमत होईल. २००६ चा रंगीत टीव्ही, २०११ चे मिक्सर-ग्राइंडर आणि पंखे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१३ साली न्यायालयाने म्हटले की जाहीरनाम्यातले असे वचन म्हणजे लाच नव्हे, पण आयोगाने त्यासाठी काही नियम करावेत. तामिळ गृहिणीला विचाराल तर ग्राइंडरने तिच्या हाताचे तासभराचे दळण वाचवले. सप्टेंबर २०२३ पासून येथे कुटुंबातल्या बाईच्या खात्यात महिना १००० रुपये येऊ लागले, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडक्या बहिणीच्या खात्यात १५०० येऊ लागले. नोव्हेंबरच्या निकालात त्याचे फळ सर्वांना दिसले. आमच्या घरच्या बहिणींनाही ते मिळाले असेल आणि त्यात गैर काही नाही. फक्त एवढेच विचारावेसे वाटते की अंगणवाडी सेविकेला पूर्ण पगार मागितला की तिजोरी रिकामी असते, ग्रामीण डाक सेवकाला नियमित नोकराचा दर्जा मागितला की तिजोरी रिकामी असते, आणि निवडणुकीच्या आधी चार महिने ती अचानक भरते कशी? हा प्रश्न मतदाराने विचारायचा आहे. ज्याला नोकरीचे नियम तोंड उघडू देत नाहीत अशा आपल्यासारख्याला तो घरात आणि मनात तरी विचारता येतो.

त्या नियमांविषयीही दोन शब्द, कारण नव्या भरतीतल्या मुलांत गोंधळ असतो. रेल्वे असो की टपाल, आचरण नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याला पक्षाचे सभासद होता येत नाही, प्रचार करता येत नाही, घरावर किंवा गाडीवर पक्षाचे चिन्ह लावता येत नाही. मत मात्र देता येते, पण ते कोणाला दिले किंवा देणार याची वाच्यता करायची नाही. त्यामुळे ही संघटना कोणत्या पक्षाला मत द्या हे सांगत नाही आणि या पानावर ते कधी दिसणार नाही. पण मत देता आले पाहिजे, हे पाहणे तर संघटनेचेच काम आहे. आणि येथे आपली अवस्था लाजिरवाणी आहे.

लोको पायलट आणि गार्ड, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, मतदानाच्या दिवशी दोनशे मैलांवर रनिंग रूममध्ये झोपलेला असतो. निवडणूक-ड्युटीवर नेमलेल्या कर्मचाऱ्याला टपाली मतपत्रिका मिळते. ड्युटी स्वतःच्याच मतदारसंघात असेल तर १२-ए फॉर्म भरून इलेक्शन ड्युटी सर्टिफिकेटवर केंद्रावरच मत देता येते. पण गाडी चालवणे ही निवडणूक-ड्युटी नव्हे. २०१९ साली नियमांत बदल होऊन अत्यावश्यक सेवेतल्या गैरहजर मतदारांसाठी १२-डी फॉर्मची सोय झाली. ज्या खात्यांना ती अधिसूचनेने लागू होते त्यांच्या कर्मचाऱ्याने निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज करायचा आणि ठरलेल्या केंद्रात जाऊन मतदानाआधीच मत द्यायचे. पाच दिवस! लिंक ड्युटीवरच्या माणसाला पाच दिवसांत कधी कधी घरचा चेहरा दिसत नाही, आणि नोटीस येते ती लॉबीच्या बोर्डावर, जुन्या सर्क्युलरांच्या खाली. मतदार ओळखपत्रे घरोघरी पोचवणाऱ्या पोस्टमनचे स्वतःचे नाव यादीत आहे की नाही, हे त्याच्या खात्यात कोणी विचारत नाही.

बदलीचे तर विचारूच नका. सोलापूरहून चेन्नईला आलेल्या माणसाचे नाव गावच्या यादीत, तो राहतो अयनावरमच्या क्वार्टरमध्ये, आणि दोन्हीकडे परका. मतदानाला गावी जायचे म्हटले तर पास आहे पण रजा नाही. जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने दूर राहणाऱ्यांसाठी वेगळ्या मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक राजकीय पक्षांसमोर ठेवले होते. पक्षांचे एकमत झाले नाही आणि ते तेथेच राहिले. मग उरतो एकच मार्ग, जेथे राहतो तेथल्या यादीत ८ नंबरचा फॉर्म भरून नाव आणणे. २०२५ साली याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाल्यापासून तर याला उशीर परवडणारा नाही. बिहारमध्ये ऑगस्ट २०२५ च्या मसुदा यादीतून ६५ लाख नावे गेली आणि ती कोणाची व का गेली हे जाहीर करायला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. तामिळनाडूत ४ नोव्हेंबर २०२५ पासून घरोघर फॉर्म वाटले गेले आणि डिसेंबरच्या मसुद्यात ९७ लाखांच्या आसपास नावे दिसेनाशी झाली. त्यात मयत होते, दुबार होते, हे खरे. पण 'पत्ता बदलला' आणि 'घरी आढळला नाही' या सदरात मोडणारी माणसे म्हणजे बदलीवाला, शिफ्टवाला, रनिंगवाला, भाड्याच्या खोलीतला कंत्राटी. अधिकारी दुपारी दोन वाजता येतो, तेव्हा घराला कुलूप असते.

ज्याचे नावच यादीत नाही त्याला १९६७, १९८० आणि २००४ च्या गोष्टी सांगून काय उपयोग? १९३५ च्या कायद्याखाली मद्रास विधानसभेच्या २१५ जागांपैकी कामगारांना ६ जागा होत्या, आणि सरसकट मताचा अधिकार नव्हता. मिळकत, कर, शिक्षण पाहून मत मिळे. १९५१-५२ साली प्रथमच १७ कोटींवर माणसे केवळ वय पाहून यादीत आली, त्यात झाडूवालाही आला आणि गिरणीमालकही. त्यावेळी सरकार मतदाराला शोधत दारोदार फिरले. आता मतदाराने आपण जिवंत आहोत, येथेच राहतो, याचे कागद घेऊन फिरायचे आहे.

आपल्या घरातही मतपेटी आहे, हे विसरू नये. २००७ साली रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी प्रथमच गुप्त मतदान झाले आणि अगदी अलीकडे डिसेंबर २०२४ मध्ये. त्याआधी मान्यता साहेबांच्या मर्जीवर आणि सभासदांच्या कागदोपत्री आकड्यांवर चाले. गुप्त मतदान आल्यापासून आम्हा पुढाऱ्यांना शेडमध्ये, पिट लाइनवर आणि गेट नंबर अमुकच्या झोपडीत जाऊन बसावे लागते. काहींना ते आवडत नाही. आम्हाला विचाराल तर संघटनेची तब्येत त्यामुळे सुधारली.

तेव्हा प्रत्येक शाखेच्या सेक्रेटरीने पुढल्या महिन्यात आपल्या कॉलनीची मतदार यादी मिळवून सभासदांच्या यादीशी ताडून पाहावी आणि ६ व ८ नंबरचे फॉर्म शाखेत ठेवावेत, अशी सूचना आहे. रनिंग स्टाफच्या लॉबीत १२-डी ची माहिती मराठीत, तामिळमध्ये आणि हिंदीत लावावी. गाड्या धुणाऱ्या, बेडरोल उचलणाऱ्या आणि पार्सल वाहणाऱ्या कंत्राटी कामगारांना यात वगळू नये. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देण्याचे कलम १३५-बी १९९६ पासून कायद्यात आहे आणि ते रोजंदारीवाल्यालाही लागू आहे. हे त्यांच्यापैकी दहातल्या नऊजणांना ठाऊक नसते. ठेकेदाराला ठाऊक असते, आणि ते मोडले तर जास्तीत जास्त दंड ५०० रुपये आहे हेही त्याला ठाऊक असते.